वाचकांचे प्रश्न : कार्डावरची रेघ काय सांगते?

प्रश्न : देवगडजवळच्या आमच्या वाडीत रक्तदान शिबिर झाले, त्यात माझ्या धाकट्या भावाने रक्त दिले. पंधरा दिवसांनी रक्तपेढीने बोलावून ‘हिपॅटायटिस सी रिॲक्टिव्ह’ असे सांगितले. त्याला कधी कावीळ झालेली नाही, तो निर्व्यसनी आहे. आईने त्याचे ताट-वाटी वेगळी काढली आहे. या चाचणीत नेमके काय सापडते? – एक वाचक, देवगड

उत्तर : चाचणीचे पुढे पाहू; आधी ते ताट परत सगळ्यांच्या पंगतीत येऊ द्या. हिपॅटायटिस म्हणजे यकृताची सूज, आणि ती आणणारा हा ‘सी’ विषाणू रक्तातून पसरतो; एकत्र जेवल्याने, भांड्यांतून किंवा शिवल्याने तो पसरत नाही. वस्तरा आणि दात घासायचा ब्रश मात्र ज्याचा त्याचा वेगळा असावा.

आपल्या भावाच्या रक्तात विषाणू सापडला, असे रक्तपेढीने बहुधा म्हटलेले नाही. नेहमीची चाचणी अँटिबॉडी, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. त्यासाठी चाचणीच्या पट्टीवर किंवा प्लेटच्या खळग्यांत विषाणूची प्रथिने आधीच चिकटवून ठेवलेली असतात. रक्तात त्यांना ओळखणारी प्रतिपिंडे असतील, तर ती तिथे अडकतात आणि रेघ किंवा रंग उमटतो; यालाच ‘रिॲक्टिव्ह’ म्हणतात. गळाला लावलेल्या आमिषासारखेच हे आहे, आमिष जितके नेमके तितका मासा नेमका.

हे आमिष मिळवणे सोपे नव्हते. ‘ए’ आणि ‘बी’ यांच्या चाचण्या आल्यानंतरही रक्त घेतलेल्या अनेकांना हिपॅटायटिस होत राहिला, आणि त्याला ‘ना-ए ना-बी’ याखेरीज दुसरे नाव नव्हते. त्याचा विषाणू प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हता. म्हणून मायकेल हॉटन, चू, कुओ हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा मार्ग धरला. त्यांनी बाधित चिंपांझीच्या रक्तातील जनुकीय द्रव्याचे तुकडे जिवाणूंमध्ये घालून त्यांच्याकडून प्रथिने करवून घेतली आणि सुमारे दहा लाख नमुन्यांवर रुग्णाच्या रक्तद्रवाची परीक्षा केली. त्यांतला एक नमुना जुळला. 1989 साली हा शोध प्रसिद्ध झाला, आणि त्यावरून यीस्टमध्ये तयार केलेले प्रथिन वापरून रक्ताची पहिली चाचणी आली. 2020 साली हॉटन यांना हार्वे ऑल्टर आणि चार्ल्स राइस यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. कोणाही रुग्णाच्या शरीरातून न काढता, जनुकाचा तुकडा दुसऱ्या जिवात घालून असे बनवलेले प्रथिन म्हणजे रिकॉम्बिनंट प्रथिन. पहिल्या चाचणीतल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे शरीरात उशिरा तयार होत. पुढे विषाणूच्या गाभ्याचे ‘कोअर’ प्रथिन आणि ‘एनएस 3’ हे विषाणूचे आणखी एक प्रथिन यांची भर पडल्यावर बाधा लवकर कळू लागली.

आता आपल्या भावाविषयी. प्रतिपिंडे असण्याला तीन कारणे असू शकतात. विषाणू आज रक्तात असेल. पूर्वी बाधा होऊन शरीराने तो आपणहून घालवला असेल, आणि असे बाधा झालेल्या दर दहांपैकी साधारण तिघांत घडते. किंवा भलतेच प्रतिपिंड त्या आमिषाला चिकटले असेल. शिबिरातल्या निरोगी माणसांत ही तिसरी शक्यता लहान नसते. समजा, हजार दात्यांत तिघांनाच खरी बाधा आहे आणि चाचणी हजारांत तीनदा चुकते. तर रिॲक्टिव्ह आलेल्या सहांपैकी तिघे निर्दोष निघतील. म्हणून पुढची पायरी आरएनए चाचणीची आहे. ती विषाणूचे जनुकीय द्रव्यच शोधते. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात 2018 पासून सरकारी केंद्रांतून तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. विषाणू आढळलाच, तरी साधारणतः बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक रुग्ण बरे होतात.

प्रश्न : मी रत्नागिरीत जैवतंत्रज्ञानाच्या एम.एस्सी.ला आहे. प्रकल्पासाठी कोअर आणि एनएस 3 ही प्रथिने छोट्या नळ्यांत आली आहेत. मला संसर्ग होईल अशी आईला भीती वाटते. शिवाय सर फ्रीझरबद्दल इतके कडक का आहेत? – एक विद्यार्थिनी

उत्तर : आईला निःशंक सांगावे की नळीत विषाणू नाही. संपूर्ण विषाणूच्या जनुकीय द्रव्यात सुमारे 9,600 अक्षरे असतात आणि त्यावरून दहा प्रथिने घडतात. आपल्या नळीत त्यांतले एखादेच आहे, आणि जनुकीय द्रव्याशिवाय ते वाढू शकत नाही. काळजी घ्यायची ती चाचणीसोबत लागणाऱ्या रुग्णांच्या रक्तद्रवाची. हातमोजे, कोट आणि सुयांची विल्हेवाट यांत तिथे कधीही सूट घेऊ नये.

फ्रीझरचा आग्रह अगदी रास्त आहे. प्रथिन म्हणजे विशिष्ट घडी घातलेली साखळी. ती पुन्हा पुन्हा गोठवली आणि वितळवली की घडी बिघडते, गुठळ्या होतात, आणि प्रतिपिंडाला ओळखायची जागाच उरत नाही. नळी आली त्याच दिवशी बर्फात ठेवून तिचे लहान लहान भाग करावेत, प्रत्येकावर तारीख लिहावी आणि एका वेळी एकच बाहेर काढावा. मृगाच्या पावसात वीज जाते तेव्हा फ्रीझरचे दार उघडून पाहण्याचा मोह टाळावा.

दुसरी गोष्ट शुद्धतेची. प्रथिन ई. कोलाय जिवाणूत बनवले असेल आणि जिवाणूची स्वतःची प्रथिने त्यात उरली असतील, तर माणसांच्या रक्तात त्यांविरुद्ध मुळातच असलेली प्रतिपिंडे चिकटतात आणि खोटी रेघ उमटते. त्यामुळे विषाणूचा तुकडा न घातलेल्या ई. कोलायचा अर्क तसाच शुद्ध करून तुलनेसाठी शेजारच्या खळग्यात जरूर ठेवावा. बाहेरच्या आवरणाचे ई 2 प्रथिन हाती घ्याल तेव्हा ते सस्तन प्राण्यांच्या पेशींत बनवलेले मागवावे, कारण त्यावर साखरेचे रेणू जडलेले असतात आणि नेहमीचे ई. कोलाय ते जडवत नाहीत.

प्रश्न : माझ्या यजमानांचे डायलिसिस चालू आहे. ‘सी’चे औषध पूर्ण झाले, आरएनए चाचणीत विषाणू नाही, तरी नव्या केंद्रात कार्डावर पुन्हा रेघ आली आणि आम्हांला परत पाठवले. – एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, औषध विषाणूला घालवते, प्रतिपिंडांना नाही, ती अनेक वर्षे राहतात, म्हणून कार्डावर रेघ येतच राहील. औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी केलेल्या आरएनए चाचणीचा अहवाल फाइलच्या पहिल्या पानावर लावा आणि केंद्राच्या डॉक्टरांना तोच दाखवा. ही प्रतिपिंडे पुन्हा बाधा होण्यापासून वाचवत नाहीत, शिवाय डायलिसिसवरील काही रुग्णांत ती पुरेशी तयारही होत नाहीत. यजमानांची यापुढची ठरावीक तपासणी आरएनएचीच होईल ना, असे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.