प्रोस्टेट कॅन्सर हाडात गेलाय, जडीबुटीच्या कॅप्सूलच्या ‘ट्रायल’मध्ये बाबांचं नाव टाकू का?

भाऊ, पैसे भरून तर अजिबात टाकू नका. मी इथे नागपुरातच कॅन्सरच्या ट्रायल्सचं को-ऑर्डिनेटरचं काम केलंय, खऱ्या ट्रायलमध्ये तपासायचं औषध पेशंटला विकत नाहीत, आणि हा कॅप्सूल देणारा माणूस तर दर महिन्याला पैसे मागून राहिला.

आता तुमचा मुद्दा, की कॅप्सूल सुरू केल्यावर पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरवर नजर ठेवायची रक्ततपासणी) धाडकन खाली आला. अहो पण तुम्हीच लिहिलंय ना की हार्मोनचं इंजेक्शनही त्याच महिन्यात सुरू झालं! त्या इंजेक्शनने टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषी हार्मोन बंद पडतं आणि बहुतेकांचा पीएसए तसाही उतरतोच, मग श्रेय कॅप्सूलला कसं द्यायचं? म्हणूनच ट्रायलमध्ये दोन गट करतात, मूळ उपचार दोघांनाही सारखाच, वरून एकाला खरी गोळी अन् दुसऱ्याला तशीच दिसणारी नकली, कोणाला काय मिळालं ते डॉक्टरलाही माहीत नसतं, आणि नुसता पीएसए नाही तर स्कॅन अन् माणूस किती जगला तेही बघतात.

अमेरिकेत पीसी-स्पेस नावाच्या आठ वनस्पतींच्या कॅप्सूल होत्या, पुढच्या स्टेजच्या पेशंटचाही पीएसए खरंच उतरायचा, डॉक्टरही चकित, सरकारी पैशातून ट्रायल सुरू झाल्या. अन् मग लॅबमध्ये तपासल्या तर आत निघालं डीईएस म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखं जुनं औषध, वर रक्त पातळ करणारं वॉरफरिन. २००२ मध्ये माल बाजारातून परत घ्यावा लागला. म्हणजे गुण जडीबुटीचा नव्हताच, आणि लोक डीईएसमुळे रक्तात गुठळ्या होण्याची रिस्क न कळत घेत होते.

शुद्ध मालाचंही तसंच. व्हिटॅमिन डीचा तगडा डोस डोसिटॅक्सेल केमोसोबत दिला तेव्हा पहिल्या छोट्या ट्रायलमध्ये आशा दिसली, मग ९०० च्या वर पेशंट घेऊन मोठी केली तर व्हिटॅमिनवाल्या गटात मृत्यू जास्त, २००७ मध्ये थांबवली. (केमोचं वेळापत्रक दोन्ही गटांत वेगळं होतं, त्यामुळे सगळा दोष व्हिटॅमिनचाच असं मी म्हणणार नाही.)

त्या माणसाला सीटीआरआय नंबर मागा. सीटीआरआय म्हणजे ट्रायल्सची सरकारी नोंदवही, भारतात ट्रायल तिथे नोंदवावी लागते, वेबसाइटवर कोणीही बघू शकतो. ट्रायलला मंजुरी देणारी एथिक्स कमिटी कोणती, नुकसान झालं तर उपचार अन् भरपाई कोण देणार, हेही विचारा, बहुतेक फोनच उचलणार नाही मग. ट्रायलमध्येच जायचं असेल तर इथल्या तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलमध्ये किंवा जामठ्याच्या एनसीआयमध्ये (नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट) चौकशी करा.

आणि कॅप्सूलची बाटली तुमच्या ऑन्कोलॉजिस्टला दाखवाच, लपवू नका, ते रागावले तरी चालेल. पुढे अबिराटेरोन हे प्रोस्टेट कॅन्सरचं औषध सुरू केलं तर लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं, त्यात ही अनोळखी भर कशाला. डॉक्टरांनी कॅल्शियम अन् व्हिटॅमिन डीच्या साध्या गोळ्या लिहून दिल्या असतील तर त्या मात्र बंद करू नका, त्या हाडांसाठी असतात.