ऑनलाइन कॅसिनोचे ५० फ्री स्पिन फुकट मिळतायत, घ्यायला काय हरकत आहे?

तुम्ही विचारलंय की ओळखीच्या ग्रुपवर कॅसिनोची लिंक आली आहे, नाव नोंदवलं की ५० फ्री स्पिन (स्लॉट म्हणजे चित्रांची चाकं फिरवायच्या खेळाचे ५० फुकट डाव), एक रुपया भरायचा नाही, मग यात लपलेला खर्च कुठला? हेच स्पिन मी २०२४ च्या दिवाळीत घेतले होते. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो, त्यामुळे आकडा दिसला की वहीत उतरवायची खोड आहे. त्या वहीतूनच सांगतो.

ते ५० स्पिन तुम्ही हरलात तर मोबाइल नंबर सोडून तुमचं काही जात नाही. खर्च सुरू होतो तो जिंकल्यावर.

माझा एक स्पिन १० रुपयांचा होता आणि पन्नास संपले तेव्हा खात्यात ६४० रुपये दिसत होते. ज्यानं लिंक पाठवली तो आमच्याच पॅकिंगमधला. म्हणाला, "का बे, बघितलास? उगंच भीत होतास." पैसे काढायला गेलो तर अट आली: वेजरिंग ४० पट, मुदत तीन दिवस. म्हणजे ६४० गुणिले ४०, एकूण २५,६०० रुपयांचा खेळ झाल्याशिवाय एक पैसा बाहेर पडणार नाही. हे २५,६०० खिशातून भरायचे नसतात, तेच ६४० रुपये पुन्हा पुन्हा फिरवायचे असतात. पण फिरवताना झिजतात. सूत एका बॉबिनवरून दुसऱ्यावर भरताना आम्ही वेस्टेज धरतो, तसंच. त्या स्लॉटचा आरटीपी ९६ टक्के लिहिला होता, म्हणजे लावलेल्या शंभरातले सरासरी ९६ परत येतात आणि ४ कॅसिनोकडे राहतात. २५,६०० वर ४ टक्के म्हणजे १,०२४ रुपये. जिंकलो होतो ६४०, आणि ते सोडवून घ्यायची सरासरी किंमत १,०२४! तुमचा आकडा वेगळा असेल, पण ४० पटीत दर जिंकलेल्या रुपयामागे १ रुपया ६० पैसे हा हिशेब बदलत नाही. त्यात एकाच गेमच्या कमी-जास्त आरटीपीच्या आवृत्त्या असतात आणि कुठली लावायची हे कॅसिनो ठरवतो. ९२ ची लावली तर तोच आकडा ३ रुपये २० पैशांवर जातो.

वेळेचाही हिशेब केला होता. १० रुपयांचा एक स्पिन म्हणजे २,५६० स्पिन, एकाला सहा सेकंद धरले तर सव्वाचार तास नुसतं बटण दाबायचं. मोठी रक्कम लावून लवकर उरकू म्हणाल तर बोनस चालू असताना कमाल बेटची मर्यादा असते. एकदाही ओलांडली की सगळी जिंकलेली रक्कम रद्द, आणि बऱ्याच ठिकाणी सिस्टिम तुम्हाला तेव्हा अडवत नाही, पैसे काढताना दाखवते. रूले (चाकावरचा) किंवा ब्लॅकजॅक (पत्त्यांचा) खेळून अट पूर्ण करू म्हणाल तर तिथं लावलेल्या शंभरातले साधारण दहाच रुपये अटीत धरतात, कुठे कुठे शून्य.

आता तुम्ही म्हणाल, बोनसमधलेच पैसे झिजतायत, माझं काय जातंय? मीही हेच म्हणत होतो. रात्री साडेअकराला ६४० चे ७० झाले होते, अट निम्मीही झाली नव्हती, आणि नेमकी तेव्हा स्क्रीनवर पट्टी आली: ५०० भरा, खेळ चालू ठेवा. तासाभरापूर्वी जे ६४० रुपये 'माझे' झाले होते ते जाताना बघवत नाही हो, दुसरं कारण नाही. भरले. मग आणखी दोनदा, असे १,५००. स्पिन फुकट देण्यामागचं गणित हेच आहे, आणि लिंक पाठवणाऱ्यालाही अशा पहिल्या भरण्यावरच कमिशन मिळतं (आमच्या पॅकिंगवाल्यानं हे नंतर चहा पाजताना कबूल केलं). शिवाय बोनस चालू असताना स्वतःचे भरलेले पैसे आधी खर्ची पडतात, आणि मध्येच काढून घेतले तर बोनस आणि जिंकलेलं दोन्ही जातं.

तरी माझं नशीब फळफळलं. तिसऱ्या दिवशी अट पूर्ण झाली तेव्हा शिल्लक ५,३०० होती. तेव्हा कळलं की फ्री स्पिनच्या खात्यातून जास्तीत जास्त २,००० काढता येतात, बाकीचे ३,३०० पुसले गेले. आधार, पॅन, हातात आधार धरून सेल्फी, हे सगळं मागितलं ते याच टप्प्यावर. नाव नोंदवताना काही विचारलं नव्हतं. नऊ दिवसांनी २,००० जमा झाले. १,५०० भरून २,००० मिळाले, म्हणजे वहीत मी ५०० रुपयांनी फायद्यात होतो आणि कारखान्यात तसं सांगतही फिरलो.

एक गोष्ट मात्र वहीत लिहिली पण डोक्यात शिरली नव्हती. तीन वेळा पैसे भरले ते यूपीआयवर तीन वेगवेगळ्या नावांना, आणि आले ते चौथ्याच एका माणसाच्या खात्यातून. कॅसिनोचं नाव कुठेच नाही.

जानेवारीत गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा, भरला. मुलीला घेऊन होम मैदानावर गेलो, पाळण्याच्या तिकिटाला क्यूआर स्कॅन केला, पेमेंट फेल. पुन्हा केला, पुन्हा फेल. मागं रांग, मुलगी हात ओढतेय. शेवटी बायकोनं पर्समधली भिशीची नोट काढून दिली आणि माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. मॅडम म्हणाल्या, खातं फ्रीज आहे, परराज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आहे. मग स्क्रीन माझ्याकडे वळवून विचारलं, "हे दोन हजार कुणाकडून आले तुम्हाला?" ज्या खात्यातून मला पैसे आले होते त्यात कुणाची तरी फसवणूक करून काढलेली रक्कम फिरली होती. अशी भाड्याची खाती वापरूनच हा धंदा चालतो, आणि पैशाचा माग काढत पोलीस शेवटच्या खात्यापर्यंत येतात. ते शेवटचं खातं माझं होतं. पगाराचं.

कॅसिनोत जिंकलेले पैसे आहेत हे बँकेच्या काउंटरवर, आजूबाजूला चार ओळखीचे असताना सांगणं काय असतं ते लिहीत नाही.

खातं मोकळं व्हायला मार्च उजाडला, आणि ते २,००० तर होल्डवरच राहिले. ईमेल, स्टेटमेंट, नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, दोन अर्ध्या रजा. मालकांनी दोन पगार रोख दिले म्हणून घर चाललं. गाडीचे दोन हप्ते बाउन्स झाले, बँकेचे प्रत्येकी ५९० म्हणजे १,१८०, फायनान्सवाल्याचा दंड वेगळा, आणि सिबिलवर डाग. ५०० च्या फायद्याचं असं झालं.

माझं हे जुन्या काळातलं. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानं पैशांचे असे खेळ चालवणं देशभर गुन्हा ठरवलं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरातीलाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, तेव्हा ती लिंक पुढे ढकलू नका. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. पण आज जो कॅसिनो तुम्हाला स्पिन देतोय तो बाहेरच्या देशातून बेकायदा चालतोय, त्यानं पैसे दाबले तर दाद मागायला दार नाही. ब्रिटनमध्ये सरकारी नियामकानं जानेवारी २०२६ पासून वेजरिंगला १० पटीची मर्यादा घातली आहे, पण ती त्यांच्या परवान्यावरच्या कॅसिनोंना, तुमच्या लिंकवाल्याला नाही. वर जिंकलेल्यावर ३० टक्के आयकर आणि सेस आहेच, इतर उत्पन्न करपात्र नसलं तरी.

मोबाइल नंबरचं राहिलं. मला अजून फोन येतात, बहुतेक महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, रात्री जेवण झाल्यावर. "सर, आपका बोनस एक्सपायर हो रहा है." पगाराची तारीख कुणी सांगितली देव जाणे.

नाव नोंदवलं असेल आणि काही जिंकलं असेल तर ते तिथंच राहू द्या, काढायला जाऊ नका, आधार-पॅन तर नाहीच. पैसे भरून अडकला असाल तर ज्या यूपीआय आयडींवर गेले त्यांचे स्क्रीनशॉट घेऊन १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन करा. आणि हात थांबत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आमच्या पॅकिंगवाल्याला मीच तो लावून दिला, कारण तोवर त्याची मालकांकडची उचल चार महिन्यांच्या पगाराएवढी झाली होती.