लिनोकट, वुडकट अशी छापाचित्रंच सामाजिक-राजकीय कामासाठी का वापरली जातात? आज त्यांचा काही उपयोग आहे का?

तुमचा गट ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणासाठी काम करतो. तुम्हाला पोस्टरं करायची आहेत. एक मैत्रीण म्हणतेय लिनोकट करूया, म्हणजे लिनोच्या तुकड्यावर चित्र कोरून, शाई लावून त्याचे छाप काढूया (तेच लाकडावर केलं की वुडकट). बाकीच्यांना वाटतंय की फ्लेक्स आणि मोबाईलच्या काळात कोरत बसण्यात वेळ जाईल. शिवाय तुम्ही विचारलंय की जगभरच्या चळवळींत छापाचित्रंच पुन्हा पुन्हा का दिसतात. मी चित्रकला शिकवते आणि स्वतः लिनो कोरते, म्हणून लिहितेय. मैत्रिणीचं ऐका, असं माझं मत आहे. पण ते कशासाठी ऐकायचं, हे आधी नीट ठरवा.

या प्रश्नाला नेहमी मिळणारं उत्तर असं की काळं-पांढरं चित्र ठसठशीत दिसतं, लांबून नजरेत भरतं. ते खरंच आहे. पण नुसतं तसं दिसायला हवं असेल तर काँप्युटरवरही करता येतं. छापाचित्राचं खरं बळ वाटपात आहे. एकदा लाकूड किंवा लिनो कोरलं की त्यातून शंभर चित्रं निघतात आणि शंभरच्या शंभर अस्सल असतात. ती काढायला ना मोठं यंत्र लागतं, ना कुणाची परवानगी. एका दिवाणखान्यात जाणारं चित्र शंभर घरांत जातं.

आपल्याकडे तर सामान्य माणसाच्या घरात भिंतीवर टांगायचं चित्र आलं तेच मुळी छापून. पुण्यात १८७८ साली सुरू झालेली चित्रशाळा आणि मुंबईत १८९४ साली निघून पुढे मळवलीला गेलेला रविवर्म्यांचा छापखाना, या दोघांनी देवादिकांना आणि पेशव्यांना भिंतीवर आणलं. त्याआधी असं चित्र असायचं ते बहुतेक वाड्यात नाहीतर देवळात.

आता ज्यांचं काम तुम्ही आवर्जून बघावं असे चित्तप्रसाद. जन्म १९१५, बंगालमधल्या नैहाटीचा. आडनाव भट्टाचार्य, पण जातीची खूण नको म्हणून त्यांनी ते टाकून दिलं. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला, लाखो माणसं मेली. कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते असलेले चित्तप्रसाद त्या नोव्हेंबरात मेदिनीपूर जिल्ह्यात गावोगाव फिरले. जे दिसलं ते शाईनं काढलं, सोबत लिहिलं, आणि ‘हंग्री बेंगॉल’ नावाची पुस्तिका निघाली. इंग्रज सरकारनं तिच्या ५,००० प्रती जप्त करून नष्ट केल्या. चित्तप्रसादांच्या घरच्यांनी जपून ठेवलेली एक प्रत वाचली, आणि तिच्यावरून २०११ साली हुबेहूब पुनर्मुद्रण झालं. सरकारनं सगळं जाळल्यावरही आज आपण ती चित्रं बघू शकतो, कारण त्यांच्या अनेक प्रती निघाल्या होत्या आणि त्यातली एक सरकारच्या हाती लागली नाही.

ती शाईची रेखाटनं होती, लिनोकट नव्हेत, हे सांगायला हवं. पण त्यातली एक गोष्ट तुमच्या फार कामाची आहे. चित्तप्रसादांनी अनेक ठिकाणी त्या माणसाचं नाव लिहिलंय, गाव लिहिलंय, तो काय काम करायचा तेही लिहिलंय. उपाशी माणसाचं चित्र काढणं सोपं असतं. बरगड्या दाखवल्या की झालं. मग तो कुणीही होतो, बघणारा हळहळतो आणि पुढे जातो. नाव लिहिलं की तसं होत नाही.

पुढे चित्तप्रसाद मुंबईला आले आणि आयुष्याची बरीच वर्षं अंधेरीतल्या एका छोट्याशा जागेत राहिले. पक्षापासून ते दूर झाले, पण काम तेच राहिलं. तैलरंगांना त्यांनी जवळजवळ हात लावला नाही. लिनो आणि लाकूड कोरत राहिले. राबणाऱ्या मुलांवर त्यांनी लिनोकटची एक मालिका केली. खेळायच्या वयात कामाला जुंपलेली मुलं हा तिचा विषय. डेन्मार्कच्या युनिसेफ समितीनं १९६९ साली ती पुस्तकरूपानं काढली. वस्तीतल्या मुलांसाठी ते कठपुतळ्यांचे खेळही करायचे. तुमच्या गटानं ती मालिका समोर ठेवावीच. मूल दयनीय न दाखवता त्याच्यावर होणारा अन्याय कसा दाखवायचा, याचा इतका चांगला धडा मला दुसरीकडे मिळालेला नाही.

आणखी एक. आज एखाद्या प्रदर्शनात छापाचित्र बघितलंत तर खाली पेन्सिलीनं ३/१५ असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे पंधरा प्रतींपैकी तिसरी. त्यावरून किंमत ठरते. पंधरा झाल्या की ठसा, म्हणजे कोरलेलं लाकूड किंवा लिनो, रद्द करायचा, म्हणजे सोळावी निघू नये. चित्तप्रसादांची स्वस्त छापाचित्रं सामान्य लोकांसाठी होती, त्यांवर असे नंबर आणि सह्या नसत. म्हणूनच ते हयात असताना कला विकत घेणाऱ्यांना त्यांची किंमत वाटली नाही. आता तीच चित्रं संग्राहक शोधत असतात. छापाचित्र विकून पोट भरणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, घर चालवायचं असतं. पण मजुरांवरचं चित्र परदेशी कागदावर मोजक्याच प्रतींत छापून मजुराला परवडणार नाही अशा किमतीला लावायचं आणि त्याला चळवळीचं माध्यम म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही.

आता कोरण्याबद्दल, कारण तुमच्या गटातल्या लोकांचा आक्षेप वेळेवर आहे. लिनो म्हणजे जवसाचं तेल आणि बुचाचा भुगा यांचा थर, मागं तागाचं कापड. थोडा वेळ उन्हात ठेवला की मऊ पडतो. त्यावर रोलरनं शाई फिरवली की जे कोरलेलं नाही ते काळं छापतं आणि जे कोरलं ते पांढरं राहतं. म्हणजे कागदावर आपण काळं काढत जातो, इथं काळ्यातून उजेड काढायचा. आणि एकदा निघालेली ढलपी परत भरता येत नाही. त्यामुळे हत्यार टेकवायच्या आधी विचार करावा लागतो, की या चेहऱ्यातलं काय ठेवलंच पाहिजे? माझे विद्यार्थी सुरुवातीला सगळं कोरू बघतात, साडीची नक्षी, मागचं झाड, ढग. मग डोळ्यांच्या कडेची एक रेघ चुकते आणि त्यांना कळतं की खरी ती एकच रेघ महत्त्वाची होती. तो वेळ वाया जात नाही. तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय ते त्याच वेळात ठरतं.

केथे कोलविट्झ या जर्मन चित्रकर्तीचं एक उदाहरण याबाबत मला नेहमी आठवतं. जानेवारी १९१९ मध्ये बर्लिनला कार्ल लीब्क्नेश्ट या डाव्या नेत्याची हत्या झाली. घरच्यांनी कोलविट्झला बोलावलं आणि तिनं शवागारात जाऊन त्याची रेखाटनं केली. ती त्याच्या पक्षाची नव्हती. त्या रेखाटनांवरून तिनं आधी एचिंग करून बघितलं, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लानं रेघा उमटवून छापणं, मग लिथो, म्हणजे दगडावर काढून छापणं. दोन्ही तिला उत्तम येत होती, दोन्हीत तिचं समाधान झालं नाही. १९२० साली तिनं अर्न्स्ट बार्लाखची लाकडी छापाचित्रं बघितली आणि तेच चित्र लाकडात कोरायला घेतलं. खाली पांढऱ्या कापडात आडवा देह, वर दाटीवाटीनं वाकलेले कामगार. एकाचा रापलेला, थोराड हात त्या पांढऱ्या कापडावर टेकलेला आहे. मागं एक बाई लेकराला उचलून दाखवतेय. एचिंगमध्ये करड्या छटांना अंत नसतो, त्यात दुःख हळूहळू मऊ होत जातं. लाकडानं तिला ती सोयच दिली नाही. त्या चित्रातला हात एकदा मोठा करून बघा, किती थोड्या कापांत तो उभा राहिलाय.

हेच कोलविट्झचं काम पुढे चीनमध्ये पोचलं. लेखक लू शुन यानं ऑगस्ट १९३१ मध्ये शांघायला तरुण चित्रकारांसाठी सहा दिवसांची कार्यशाळा घेतली. शिकवायला एक जपानी शिक्षक होते आणि दुभाष्याचं काम लू शुन स्वतः करत होता. एवढा मोठा लेखक मुलांना कोरण्याची हत्यारं कशी धरायची ते भाषांतर करून सांगतोय, हे मला फार भावतं. तिथून चिनी लाकडी छापाचित्रांची चळवळ उभी राहिली. आपल्या सोमनाथ होर या बंगाली चित्रकारापर्यंत या दोन्ही परंपरांचा धागा येतो. १९४६ च्या अखेरीला रंगपूर भागात कुळांचं तेभागा आंदोलन चालू होतं, पिकाच्या तीन वाट्यांपैकी दोन कसणाऱ्याला द्या ही मागणी. तिथं राहून होरांनी डायरी लिहिली, रेखाटनं केली आणि मग ती लाकडात कोरली.

सगळ्यात शिस्तीत हे काम झालं ते मेक्सिकोत. तिथं होसे ग्वादालुपे पोसादा १९१३ मध्ये मरेपर्यंत चार पैशांच्या पत्रकांसाठी नाचणारे सांगाडे, खून, भूकंप, राज्यकर्त्यांची टवाळी असं सगळं कोरत होता. १९३७ साली लिओपोल्दो मेंदेस आणि त्याच्या सोबत्यांनी मेक्सिको सिटीत ‘तायेर दे ग्राफिका पोपुलार’ म्हणजे लोकांचा छापाचित्रांचा कारखाना काढला. संघटना, शिक्षक, शेतकरी यांच्यासाठी पोस्टरं आणि पत्रकं व्हायची. चित्र एकट्याचं नसायचं, आठवड्याच्या बैठकीत सगळे मिळून त्यावर बोलायचे. तुमच्या गटानं ही पद्धत जरूर उचलावी, आणि बैठकीत ऊसतोड करणारी एक-दोन माणसंही असावीत.

१९४६ मध्ये एलिझाबेथ कॅटलेट ही कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंत तिथं आली. तिच्या आजी-आजोबांनी गुलामी भोगलेली. तिचं वाट्यानं शेती करणाऱ्या बाईचं लिनोकट शोधून बघा. रुंद कडेची गवती टोपी, पांढरे केस, वर रोखलेली नजर आणि अंगावरचं कापड एकत्र धरून ठेवणारी एक सेफ्टी पिन. कॅटलेटनं बाईची गरिबी एका पिनेत सांगितली आणि बाकी सगळी जागा तिच्या ताठ मानेला दिली. पोलक्याचं बटण तुटलं की पिन लावून कामाला जाणारी बाई मी माझ्या घरात बघितलीय, त्यामुळे त्या चित्रापाशी मी दर वेळी थांबते. कॅटलेटच्या राजकीय विचारांपायी अमेरिकेनं तिला बरीच वर्षं मायदेशी पाऊल ठेवू दिलं नाही.

आणि काँप्युटर असताना कशाला, या प्रश्नाचं उत्तरही मेक्सिकोतच आहे. २००६ साली ओआहाका शहरात शिक्षकांच्या संपातून मोठं आंदोलन पेटलं. तेव्हा इंटरनेट होतं, डिजिटल छपाई होती. तरी तरुण कलावंतांनी एकत्र येऊन लाकूड कोरलं आणि त्याचे छाप रातोरात भिंतींवर चिकटवले. पोलिसांनी फाडलं की त्याच ठशातून सकाळी दुसरं. मोबाईलवरचं चित्र बोटानं वर सरकवलं की जातं. फ्लेक्सचं तर तुम्ही रोज बघता, ज्याच्याकडे पैसा त्याचा चौक. एक गट हातानं छापायला बसतो तेव्हा त्याला खर्चासाठी कुणाच्या दारात जावं लागत नाही.

तुमच्यासाठी थोडं कामाचं. पहिला लिनो साध्या वहीच्या पानाएवढाच घ्या. हत्याराच्या पुढे कधीही दुसरा हात ठेवायचा नाही, हे प्रत्येकाला बजावा. शाई छापखान्यात मिळणारी काळी चालते, पुसायला रॉकेल. प्रेस नसला तरी अडत नाही, कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घोटलं की छाप उमटतो. भिंतीवर लावायच्या प्रती साध्या पातळ कागदावर काढा, कुणाला घरी ठेवायला द्यायच्या असतील त्या हातकागदावर. अक्षरं उलटी कोरावी लागतात, म्हणून मजकूर चार-पाच शब्दांचाच ठेवा. लहान मुलांच्या हातात कोरायची हत्यारं देऊ नका. भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे त्यांनी शाळेत केलेले असतात, तिथूनच सुरुवात करा, मग जुन्या थर्माकोलच्या ताटलीवर बॉलपेननं दाबून काढायला द्या. त्यातूनही छान छाप येतो. मोठ्या माणसांचं नाव चित्रावर घालायचं असेल तर त्यांना विचारून घाला, मुलांचं मात्र घालू नका.

चित्रं आधी कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपड्यांवर द्या. मग शाळेत, बाजाराच्या दिवशी बाजारात, कारखान्याच्या गेटाबाहेर. नंबर घालू नका. चमच्यानं घोटून काढलं तर एका लिनोतून काही शे प्रती सहज निघतात. काम झालं की ठसा पुसून, सपाट, उन्हापासून दूर ठेवा, नाहीतर तो कडक होऊन तडकतो. नीट ठेवलात तर पुढच्या हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की त्याच लिनोवर पुन्हा शाई फिरवता येईल.