"आधी विश्वासात मजबूत होते, मग इंग्लंडला येते" म्हणणाऱ्या बहिणीला

जय ख्रिस्त. तू विचारलंयस की इंग्लंडचा नर्सिंगचा व्हिसा आलाय, जानेवारीत रुजू व्हायचंय, पण हल्ली प्रार्थनेत मन लागत नाही आणि आई म्हणते अशा अवस्थेत गेलीस तर तिकडे विश्वास टिकणार नाही, तर सहा महिने पुढे ढकलून आधी आत्मिकरीत्या मजबूत व्हावं का. मी नगरची, इथे येऊन सात वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुढे ढकलू नकोस. मी मजबूत होऊनच आले होते गं. तरुण संघाची सेक्रेटरी, संडे स्कूलला शिकवायचे, निघायच्या आदल्या रविवारी सगळ्या मंडळीसमोर साक्ष दिली, पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि चौथ्या महिन्यात मी फोनवर आईशी धडधडीत खोटं बोलत होते.

तुला माहीतच असेल, इथे आल्यावर ऑस्की, म्हणजे नर्सची प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते, तिचे 10 स्टेशन म्हणजे टप्पे असतात आणि ती पास होऊन पिन, म्हणजे नर्स म्हणून नोंदणीचा नंबर येईपर्यंत पगार खालच्या बँडचा, म्हणजे खालच्या वेतनश्रेणीचा. मी दोन स्टेशनांत नापास झाले. खरं तर फार मोठं काही नाही, नापास झालेली स्टेशनंच परत द्यायची असतात, कितीतरी मुली दुसऱ्यांदा पास होतात. पण मी घरी सांगितलं की परीक्षेची तारीखच पुढे गेली. मग ते खोटं पाच आठवडे सांभाळत बसले, आणि त्याच पाच आठवड्यांत दर बुधवारी गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रार्थना मीच चालवायचे, "प्रभू किती चांगला आहे" लिहायचे आणि फोन ठेवून रडायचे. तुझं मन प्रार्थनेत लागत नाही हे तू निदान सांगतेस तरी, मी तेही सांगत नव्हते.

इथल्या अँग्लिकन चर्चमध्ये उपासनेत सगळे मिळून पापकबुली म्हणतात, त्यातल्या एका कबुलीत कारणं तीन वेगवेगळी सांगितलेली असतात, हयगय, दुबळेपणा आणि जाणूनबुजून केलेला दोष. मी ते कित्येक रविवार नुसतं वाचून दाखवल्यासारखं म्हणत होते. एका रविवारी प्रभुभोजनाच्या आधी ते शब्द आले आणि मला कळलं की मी सगळं उलटं धरून बसलेय. नापास होणं हा दुबळेपणा होता, नवीन देश, नवीन पद्धत, इंग्रजी कळायचं पण हात थरथरायचे, त्यात पाप कसलं, पण त्याचीच मला मरणाची लाज वाटत होती. आणि खोटं मात्र जाणूनबुजून होतं, त्याला मी "काय करणार, माणूस आहे, अशक्त आहे" म्हणून सोडून देत होते. आपल्याकडे हे फार होतं असं मला वाटतं, थकवा, भीती, एकटेपणा हे पापासारखं लपवायचं आणि खरं पाप अशक्तपणाच्या नावाखाली खपवायचं. प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलंय ना की माणसानं आत्मपरीक्षा करावी आणि मग भाकर खावी, तर ती परीक्षा म्हणजे स्वतःला झोडपणं नाही, कुठली गोष्ट कुठल्या खात्यात जाते ते खरं खरं बघणं.

त्याच संध्याकाळी आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मग परत दे की." आणि जरा थांबून म्हणाली की पप्पांना शुगरमुळे आठ दिवस ॲडमिट केलं होतं, तू तिकडे एकटी म्हणून सांगितलं नाही. म्हणजे दोन्हीकडून "सगळं ठीक आहे, प्रभूची कृपा" चाललं होतं आणि दोन्हीकडे कुणाचंच ठीक नव्हतं. त्या रात्री आम्ही दोघींनी फोनवर जी प्रार्थना केली तशी मी नगरला कधी केली नव्हती, साक्ष देतानासुद्धा नाही.

"माझी कृपा तुला पुरे आहे" हे करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रातलं वचन आपल्याकडे कॅलेंडरवर असतं, पण ते कुणाला मिळालं बघ. देहातला काटा काढ म्हणून पौलानं तीनदा विनंती केली आणि काटा काही निघाला नाही, त्या नकारासोबत मिळालेलं ते उत्तर आहे. आणि त्याच्या आदल्याच अध्यायात, अभिमानच मिरवायचा तर दुबळेपणाचा मिरवीन म्हणताना, तो दिमिष्कातून (दमास्कस शहरातून) कसा पळाला ते सांगतो, पाटीत बसवून भिंतीच्या खिडकीतून खाली सोडलं होतं त्याला. एवढा मोठा प्रेषित. मी पहिल्या थंडीत दोन बॅगा ओढत बसस्टॉप शोधत होते तेव्हाची माझी अवस्था त्याहून वेगळी नव्हती.

पंडिता रमाबाईंचंही बघ. 1883 मध्ये त्या इंग्लंडला आल्या, मेडिकल शिकायचं होतं, पण ऐकायला कमी येत होतं म्हणून ते राहिलं. वाँटेज गावच्या अँग्लिकन सिस्टर्सकडे, म्हणजे जोगिणींकडे राहिल्या, त्याच वर्षी बाप्तिस्मा घेतला, आणि ज्यांनी आसरा दिला त्यांच्याशीही न पटलेल्या शिकवणीवर पत्रांतून वाद घातला, पटलंय असं दाखवलं नाही. आणि बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळालाच नाही, आणि हे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत उघड लिहिलं. केडगावचं मुक्ती मिशन, निराधार बायकांचं, हे सगळं जाणवल्यानंतरचं आहे. मला त्यांच्या विद्वत्तेपेक्षा ही हिंमत मोठी वाटते.

आता कामाचं. शिफ्ट साडेबारा तासांच्या असतात आणि रविवारही ड्युटीत येतो, म्हणून रोटा, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक बनायच्या आधीच मॅनेजरला महिन्यातले दोन रविवार माग, बऱ्याचदा देतात, आणि नाही मिळाले तर काही चर्चमध्ये मधल्या वारीही प्रभुभोजन असतं, चारपाच म्हातारी माणसं असतात, मला तिथेच जास्त माया मिळाली. पहिल्या महिन्यातच एक माणूस असं शोध ज्याच्याशी "फाईन" न म्हणता बोलता येईल, माझी एक मल्याळी नर्स होती. आणि डिसेंबर-जानेवारीत चारच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा झोप उडाली, दिवसचे दिवस रडू येत राहिलं तर त्याला विश्वास कमी पडला म्हणू नकोस, जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे जा. मी उशिरा गेले.

उपासना संगीत, आपलं गीतांचं पुस्तक, बॅगेत टाक. आणि निघायच्या आधी आईशी एक ठरवून घे, घरात कुणी आजारी पडलं तर त्याच दिवशी तुला कळवायचं, आणि तू पास झालीस की नापास तेही त्याच दिवशी घरी सांगायचं.