पांढरं आहे म्हणून गुहेतलंच असेल असं नाही

अगं, गुहेत मिळालेल्या त्या बारक्या पांढऱ्या, बिनडोळ्यांच्या जिवांचे तुझे फोटो बघितले. सुंदर आहेत, पण त्यावरून स्पीशीज सांगा म्हणतेस ते होणार नाही, आणि नुसत्या फोटोवरून जो छातीठोकपणे सांगेल त्याचं मनावर घेऊ नकोस. ग्रुपपर्यंत, म्हणजे प्रोटुरा, डिप्लुरा की स्प्रिंगटेल (हे कीटकांचे सहापायी नातेवाईक) इथपर्यंत, मात्र जाता येतं, आणि तेवढं जरी नीट जमलं तरी खूप आहे.

आधी पाय मोज. हसू नकोस, सिम्फिलाची, म्हणजे गोमेसारख्या दिसणाऱ्या मातीतल्या बहुपायी जिवांची, पिल्लं पांढरी, आंधळी, लांब अँटेनावाली असतात आणि लोक त्यांना सर्रास डिप्लुरा म्हणून बाटलीत भरतात. पाय सहाच असतील तर अँटेना बघ. अँटेना मुळीच नाहीत आणि पुढचे दोन पाय वर उचलून चालतंय असं दिसलं तर ते प्रोटुरा, २ मिलिमीटरहून लहान, अख्खं आयुष्य मातीत, १९०७ मध्ये सिल्व्हेस्ट्री या इटालियन कीटकशास्त्रज्ञाने वर्णन करेपर्यंत हा प्राणी आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या पोटाचे खंड मोजून घाईने निष्कर्ष काढू नकोस, कारण जन्मताना ९ असतात आणि कात टाकत टाकत १२ होतात. मण्यांच्या माळेसारख्या लांब अँटेना आणि मागे दोन शेपट्या असतील तर डिप्लुरा. शेपट्या लांब असतील तर कॅम्पोडीडी फॅमिली, चिमट्यासारख्या असतील तर जॅपिजिडी.

राहिले स्प्रिंगटेल्स. उडी मारत नाही म्हणून स्प्रिंगटेल नाही असं धरून चालू नकोस, कारण मातीत खोल राहणाऱ्या कित्येकांची उडी मारायची शेपटी, म्हणजे फर्क्युला, आखूड झालेली असते किंवा उरलेलीच नसते. पोटाच्या पहिल्या खंडाखालची नळी बघ, ती सगळ्यांना असते, आणि पोटाचे खंड सहाच.

आता मुद्द्यावर येते. तू लिहिलंयस की रंग नाही, डोळे नाहीत, म्हणजे ही गुहेतलीच खास जात असणार. इथेच बहुतेक जण फसतात. अंधारात राहणाऱ्या कोणाचेही डोळे आणि रंग जाऊ शकतात, आणि अंधार काय फक्त गुहेत असतो? पायाखालच्या मातीतही तितकाच आहे. फॉल्सोमिया कॅन्डिडा ही स्प्रिंगटेल घे, पांढरीशुभ्र, आंधळी, मातीच्या विषारीपणाच्या टेस्टसाठी लॅबमध्ये डब्यात वाढवतात ती, गुहेतही सापडते पण म्हणून ती गुहेचीच होत नाही. ऑनिक्युरिडी ही तर स्प्रिंगटेल्सची अख्खी फॅमिलीच आंधळी. कॉकेशसमधल्या क्रुबेरा गुहेतून २०१२ मध्ये स्प्रिंगटेल्सच्या चार नव्या जाती आल्या, त्यातली प्लुटोम्युरस ऑर्टोबालागानेन्सिस १९८० मीटर खोलीवर मिळाली होती, त्यामुळे गाजली ती, पण त्याच चारांत एक ड्युटेराफोरुरा होती, म्हणजे ऑनिक्युरिडीच! तिच्या नात्यातल्यांना डोळे नसणं मातीतही नेहमीचंच, त्यामुळे तेवढ्यावरून गुहेबद्दल काहीच कळत नाही.

मग काय बघायचं? हातपाय. मातीच्या फटीत घुसायचं तर अवयव आखूड लागतात, आणि गुहेच्या मोकळ्या ओल्या दगडावर फिरायचं तर लांब अँटेना, लांब पाय, लांब बारीक नखं कामाला येतात. पण ही झाली राहण्याची पद्धत, नातं नव्हे! दोन वेगळ्या घराण्यांतले प्राणी गुहेत जाऊन सारखेच लांबट होतात, म्हणून नातं ठरवताना अंगावरच्या केसांची मांडणी, अँटेनामागचा ज्ञानेंद्रियाचा खळगा, नखावरचे दात असल्या कंटाळवाण्या गोष्टी बघाव्या लागतात. त्यासाठी नमुना लॅक्टिक अॅसिडमध्ये पारदर्शक करून स्लाइडवर चढवायचा आणि फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपखाली बघायचा. एकच नमुना असेल तर थांब, आणखी मिळू देत; स्लाइडवर एक पाठीवर, एक कुशीवर, आणि दोन-चार ९५ टक्के अल्कोहोलमध्ये डीएनएसाठी वेगळे ठेवता आले पाहिजेत. डीएनए बारकोडचा, म्हणजे जात ओळखायला वाचतात तो, ६५८ बेसचा तुकडा उपयोगी असतो, पण केसांचा नकाशा न काढता नुसता त्यावर नाव द्यायचा मोह टाळ.

वर्गीकरणाच्या भांडणात सध्या पडू नकोस. प्रोटुरा, डिप्लुरा आणि स्प्रिंगटेल्स या तिघांचीही तोंडं डोक्याच्या आत लपलेली म्हणून एक गट मानायचे, पण २०१४ च्या मोठ्या जनुकीय अभ्यासात डिप्लुरा खऱ्या कीटकांच्या जवळ गेले आणि वाद अजून मिटलेला नाही. लेबलवर हेक्सापोडा, म्हणजे सहापायी, आणि खाली गट लिही, कोणी चूक म्हणणार नाही.

आणि हो, वटवाघळांच्या गुहेत नळीतून तोंडाने किडे ओढायचा अॅस्पिरेटर अजिबात नको, विष्ठेत हिस्टोप्लाझ्मा बुरशी असू शकते. ओला ब्रश घे, साचलेल्या पाण्याचा पृष्ठभाग बघ, तिथे स्प्रिंगटेल्स तरंगतात. खड्ड्याचे सापळे लावून महिनाभर विसरायचे हा प्रकार मला मुळीच आवडत नाही, गुहेतल्यांची संख्या आधीच कमी असते. मातीसाठी बर्लेसे फनेल उत्तम, म्हणजे वरून दिव्याने माती सुकवून जीव खाली बाटलीत उतरवणारं नरसाळं, फक्त हळूहळू सुकव, दिव्याची घाई केलीस की नाजूक प्रोटुरा खाली यायच्या आधीच मरतात.

लेबलवर तारीख, दारापासून अंतर, दगड की माती की विष्ठा, हे त्याच दिवशी लिही. पुढच्या वेळी फोटो नकोत, मागच्या पायाच्या नखाचं आणि फर्क्युलाचं पेन्सिलने काढलेलं चित्र पाठव, मग जीनसवर बोलू.