ताई, तिकडे आमच्यातलं डॉक्टर कोण राहील?

तू बीएएमएस, नवरा फिजिओथेरपिस्ट, धाकटा दीर एमबीबीएस. तिघंही इकडे कॅनडात, ओंटारिओला यायचं म्हणताय आणि तुझा प्रश्न एकच: "ताई, तिकडे आमच्यातलं डॉक्टर कोण राहील?" वाचून आधी हसू आलं, मग चहा गार होईपर्यंत तशीच बसून राहिले. मी बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीवाली. कराडला नऊ वर्षं दवाखाना चालवला आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये ब्रॅम्प्टनला आले. व्हिसाचे पॉइंट, फिया, मुदती हे सगळं सरकारी वेबसाइटवर आहे, ते मी सांगत बसत नाही.

उत्तर आधी देते. पहिली काही वर्षं तरी तिघांपैकी कुणीच नाही.

आपल्याकडे पदवी झाली, कौन्सिलला नाव लागलं की 'डॉ.' जन्माचं. इथे ते नोंदणीला चिकटलेलं असतं. ओंटारिओत सगळ्या आरोग्य व्यवसायांसाठी १९९१ चा एक कायदा आहे. त्याचं कलम ३३ म्हणतं की माणसांना आरोग्यसेवा देताना किंवा देऊ करताना 'डॉक्टर' लावायचं नाही. सूट मुख्यतः पाच कॉलेजांच्या सभासदांना: फिजिशियन-सर्जन, डेंटिस्ट, सायकॉलॉजिस्ट, ऑप्टोमेट्रिस्ट आणि कायरोप्रॅक्टर. नॅचरोपॅथला, म्हणजे निसर्गोपचारवाल्याला, लिहिताना 'नॅचरोपॅथिक डॉक्टर' असं पूर्ण लिहावं लागतं. (कॉलेज म्हणजे शिकायचं नव्हे, आपल्या कौन्सिलसारखी संस्था. मी पहिल्या फोनवर वर्ग कधी सुरू होतात म्हणून विचारलं होतं.)

म्हणजे बघ, चष्म्याचा नंबर काढणारा डॉक्टर, मणके कडाकडा वाजवणारा डॉक्टर, आणि शवविच्छेदनापासून प्रसूतीपर्यंत साडेपाच वर्षं घासलेली मी नुसती बाई. त्या लोकांचंही शिक्षण सात-आठ वर्षांचं असतं, हे मला नंतर कळलं. राग आधी आला होता.

दिराला परीक्षा, मग रेसिडेन्सीची (हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाची) जागा, मग नोंदणी. तोवर पेशंटसमोर तोही डॉक्टर नाही, एमबीबीएस असला तरी. नवऱ्याचं बरं आहे, फिजिओला इथे मान आहे आणि कामही भरपूर. पण त्याने पुढे डॉक्टरेट केली तरी क्लिनिकमध्ये 'डॉ.' लावता यायचं नाही. पीएचडी केलेल्या नर्सचीही तीच गत. गुरांच्या डॉक्टरला मात्र कायदाच निराळा, तो सुखात आहे. इंग्लंडची तर तऱ्हाच वेगळी, तिथे सर्जन झाला की माणूस डॉक्टर सोडून परत मिस्टर होतो.

तुझं सांगते. आयुर्वेदाची इथे नोंदणीच नाही, त्यामुळे सल्ला द्यायला कुणी अडवत नाही, फक्त 'डॉ.' नको. पण पंचकर्म जपून. शरीरात गुदद्वारापलीकडे काहीही घालणं हे कायद्याने राखून ठेवलेलं काम आहे, म्हणजे बस्ती (आपला औषधी एनिमा) गेली. निदान करून पेशंटला रोगाचं नाव सांगणं हेही तसंच राखीव. ही गोष्ट मला सगळ्यात जड गेली. समोरच्या बाईची लक्षणं ओरडून सांगत असतात, आणि आपण म्हणायचं, "तुमच्या फॅमिली डॉक्टरला एकदा दाखवा."

आणि 'डॉ.' मराठीत लिहू म्हणशील तर तेही नाही. कलमात स्पष्ट आहे, दुसऱ्या भाषेतला समानार्थी शब्दसुद्धा चालणार नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी आपल्याला आधीच ओळखून ठेवलं होतं.

होमिओपॅथीचा कायदा इथे लागू झाला १ एप्रिल २०१५ ला. तारीखही काय शोधली! मी नोंदणी केली, माझं बिरुद 'होमिओपॅथ', बस्स. आठवड्यातून दोन संध्याकाळी पेशंट बघते, दिवसा एका क्लिनिकच्या काउंटरवर बसते.

आता जे कुणाला सांगत नाही ते. कराडला माझ्या दवाखान्यातून साबुदाण्याच्या गोळ्यांपेक्षा क्रोसिन आणि अँटिबायोटिकच जास्त जायचं. सगळेच द्यायचे, पेशंटही तेच मागायचे. मी निघाले त्याच वर्षी महाराष्ट्राने कायदा बदलला, एक वर्षाचा फार्माकॉलॉजीचा कोर्स केला की होमिओपॅथला ती औषधं देता येतील असा. तो कोर्स केलेल्यांच्या नोंदणीवरून २०२५ मध्येही भांडणं चालूच होती. मी तो कोर्स केला नव्हता. म्हणून इथे 'डॉ.' काढायला सांगितलं तेव्हा अपमान तर वाटलाच, पण कुणीतरी चोरी पकडल्यासारखंही वाटलं. कायदा बरोबर आहे असं मला वाटतं. आवडत मात्र अजून नाही.

कागदपत्रांचं एकच सांगते. तुझी डिग्री माहेरच्या नावावर असणार आणि पासपोर्ट सासरच्या. राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि प्रतिज्ञापत्र आधी कर, मग बाकीचं. माझी गुणपत्रकं विद्यापीठाने सीलबंद पाकिटात पाठवली, पण शिक्का पाकिटाच्या जोडावर मारायच्या ऐवजी पत्त्यावर मारला. इथून पाकीट नाकारलं गेलं. दादांनी त्यासाठी तीन खेपा घातल्या, उन्हाळ्यात, एसटीने. तिसऱ्या वेळी त्यांनी शाईचा पॅड स्वतः नेला होता.

मुलीच्या शाळेचं विचारलंस. शाळा चांगल्या आहेत. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा, कराडला इंग्रजी माध्यमात होता. भाषा तपासायला एका बाईंनी चित्रं दाखवली. एकात लोकरीचा पंजा होता, बोटं नसलेला, त्याला 'मिटन' म्हणतात. त्याला 'ग्लव्ह' येत होतं, पण हे काहीतरी वेगळं आहे एवढं कळलं आणि पोरगा गप्प झाला. पुढच्या चित्रांनाही गप्पच. दीड वर्ष त्याला इंग्रजी न येणाऱ्यांच्या वर्गात बसवलं. मी मध्ये बोलायला हवं होतं. इंग्रजी मलाही येत होतं, पण मी त्या दिवशी फक्त सही केली.

ती सही नेहमीची होती, 'डॉ.' पासून सुरू होणारी. कॉलेज संपल्यापासून हात तसाच वळतो. शाळेच्या काउंटरवरच्या बाईने ती बघितली आणि तिचा चेहराच उजळला. "तुम्ही डॉक्टर? नवीन पेशंट घेताय का?" इथे फॅमिली डॉक्टर मिळणं म्हणजे नळाला चोवीस तास पाणी. मी "नाही, अजून नाही" म्हणाले. 'अजून' हा शब्द मी त्यानंतर पाचेक वर्षं तरी वापरला.

मुलगा आता विद्यापीठात आहे. त्याला मिटन आठवतही नाही.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. फेब्रुवारीत जास्त. पुढे.

मराठी मंडळात सगळे मला 'डॉक्टर'च म्हणतात. गणपतीत कुणाचं पोट बिघडलं की हाक मलाच येते. तिथे कायदा आड येत नाही, मी काही सेवा देत नसते. मी दुरुस्त करत नाही. करायला हवं का, माहीत नाही.

सही मात्र कष्टाने बदलली, 'डॉ.' गाळून. गेल्या महिन्यात कराडच्या बँकेला एक फॉर्म पाठवला, दादांच्या ठेवीचा. परत आला. शेरा होता, "सही जुळत नाही." तिथल्या नमुन्यात 'डॉ.' आहे. जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन जुनी सही चार वेळा गिरवली, पाचवी जमली.

तेव्हा निघायच्या आधी बँकेत जाऊन सही बदलून घे. शनिवारीही काम होतं, दुसरा आणि चौथा सोडून.