हलकं काम नको, मशीन द्या

या वेळी कारखान्यातली पत्रं जरा जास्तच आलीत, आणि गंमत म्हणजे लिहिणारी माणसं सगळी वेगवेगळी पण एक शब्द जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे, "हलकं काम". कोणी कौतुकाने लिहिलाय, कोणी वैतागून. मी स्वतः बावीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढलीत, आधी ऑपरेटर मग सेटर (म्हणजे टूल आणि मापं लावून मशीन तयार करून देणारा) मग सुपरवायझर, त्यामुळे या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. उत्तरं जरा तिखट लागली तर समजून घ्या.

प्रश्न : ताई, मी एका मशीन शॉपचा सुपरवायझर आहे. दीड वर्षापूर्वी आमच्याकडे सहा मुली घेतल्या, सगळ्या शिकलेल्या आणि हुशार. त्यांना त्रास नको म्हणून आम्ही मुद्दाम हलकं काम दिलं, पॅकिंग आणि इन्स्पेक्शन. कोणी वाईट बोललं नाही, सगळे आदराने वागले. तरी पाच जणी सोडून गेल्या. एचआर मला विचारतंय की तुमच्याकडे मुली टिकत का नाहीत. आमचं काय चुकलं?

उत्तर : दादा, उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय की, फक्त ते चांगुलपणाच्या खात्यात टाकलंय.

आधी मला सांगा, पॅकिंग हलकं कसं हो? आठ तास उभं राहायचं, मनगट तेच ते फिरवायचं, आणि डोकं मात्र अजिबात वापरायचं नाही. सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) उभा असलेला माणूस मशीनची सायकल चालू असताना निदान मान वर करून बघू शकतो, बाकड्यावरच्या मुलीला तेही नाही कारण मागून क्रेट येतच असतात. आता तुमच्या भिंतीवरचा स्किल मॅट्रिक्स बघा, म्हणजे कोणाला कुठलं काम येतं त्याचा तक्ता, असेलच लावलेला. दीड वर्षात त्या सहा जणींच्या नावापुढे किती चौकोन भरले? आणि त्यांच्याबरोबर लागलेल्या मुलांच्या पुढे किती? ग्रेड वाढवायची वेळ येते तेव्हा "तिला सेटिंग येत नाही" असं म्हणतात, पण तिला सेटिंग शिकवायची कोणी, हे कोणी विचारत नाही. पाच जणी शहाण्या होत्या, त्यांना कळलं की इथे पाच वर्षांनीही आपण याच बाकड्यापाशी असणार.

माझंही हेच झालेलं. पहिल्या कंपनीत मला चौदा महिने गेज कॅलिब्रेशनच्या (मापायची साधनं बरोबर आहेत का ते तपासण्याच्या) रजिस्टरवर बसवलं, सगळे इतके गोड वागायचे की तक्रार तरी काय करणार! शेवटी एका जुन्या सेटरने जेवणाच्या सुट्टीत मला टूल ऑफसेट (टूलची जागा किंचित सरकवायचा आकडा) टाकायला दिला, माझा पहिला जॉब, म्हणजे मशीनवर चढवलेला तुकडा, चाळीस मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) मापापेक्षा कमी गेला, तो काहीच बोलला नाही, नुसतं म्हणाला "आता कळलं ना कुठल्या बाजूला फिरवायचं". त्या एका रिजेक्शनमध्ये मी जे शिकले ते चौदा महिन्यांच्या रजिस्टरात नव्हतं. मुलांचे पहिले दहा जॉब वाया जातात तेव्हा आपण त्याला ट्रेनिंग म्हणतो, मुलीचा एक गेला की "म्हणून म्हणत होतो" सुरू होतं. तेवढं थांबवलंत तरी खूप आहे.

आणि काम कुठलं हलकं न कुठलं कसबी हे ठरवतं कोण, यावर एक जुनी गोष्ट सांगते. 1968 साली इंग्लंडमध्ये डॅगनमच्या फोर्ड कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या 187 बायकांनी तीन आठवडे संप केला. नव्या ग्रेडिंगमध्ये त्यांचं काम कमी कौशल्याचं म्हणून खाली टाकलं होतं आणि पगार पुरुषांच्या 85 टक्के. बरं, सीटशिवाय गाडी बाहेर जात नाही त्यामुळे अख्खं प्रॉडक्शन अडलं. पगार 92 टक्क्यांवर आला, 1970 मध्ये तिकडे समान वेतनाचा कायदाही झाला, पण त्यांचं काम कसबी आहे हे मान्य व्हायला आणखी एक संप आणि 1984 साल उजाडावं लागलं. म्हणजे पैशाचं थोडंफार दोन वर्षांत सुटलं, "हलकं" हा शिक्का पुसायला सोळा वर्षं लागली.

तुमच्याकडे करण्यासारखं काय तर पहिली गोष्ट, लागल्या दिवसापासून ठरवून टाका की तीन महिन्यांनी कुठलं मशीन, सहा महिन्यांनी सेटिंग, आणि शिकवणारा कोण त्याचं नाव लिहा, "बघू हळूहळू" नको. दुसरं, हातमोजे तपासा. हसू नका. तुमच्या स्टोअरमध्ये एकच साइझ असणार, मोठी. धारदार बर (कापल्यावर राहिलेली टोकेरी कड) असलेला जॉब ढगळ मोज्यात नीट पकडता येत नाही, सुटतो, मग "हिच्या हातात जोर नाही" असं होतं (मशीनच्या फिरत्या दांड्याजवळ, स्पिंडलजवळ, मोजा कोणीच घालायचा नाही, तो वेगळा विषय, पण ढगळ मोजा तिथेही जास्त घात करतो). सेफ्टी शूजचंही तेच, दोन नंबर मोठा बूट आत कापूस कोंबून घालणाऱ्या मुली मी पाहिल्यात. मग बाकड्याची उंची. उभ्याने बारीक काम असेल तर टेबल कोपराच्या थोडं वर हवं, जोर लावायचं काम असेल तर कोपराच्या खाली. तुमचं बाकडं कुणाच्या कोपराला धरून बनवलंय ते एकदा मोजा. उंची कमीजास्त होणारं टेबल आणलंत तर तुमच्याकडच्या बुटक्या पुरुषांचेही खांदे दुखायचे थांबतील, ते बिचारे बोलत नाहीत एवढंच. आणि बायकांचं टॉयलेट अॅडमिन बिल्डिंगमध्ये असेल तर ते आधी शॉपजवळ आणा, जाऊन येऊन वीस मिनिटं लागतात म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, हे तुम्हाला कोणी तोंडावर सांगणार नाही.

आणि हो, सहावी अजून आहे ना तुमच्याकडे? मग मला कशाला विचारताय, तिला विचारा. ऑफिसात बोलावून एचआरसमोर नको, मशीनपाशी उभं राहून.

प्रश्न : मी टर्निंग सेंटरवर (लेथसारख्या सीएनसी मशीनवर) ऑपरेटर आहे, सेटिंग शिकायचंय. आमचे सेटर म्हणतात की चक (जॉब पकडणारा भाग) बदलायला आणि मोठे जॉब चढवायला ताकद लागते, तीस किलोचा जॉब असतो, मुलीचं काम नाही. खरंच नाही का जमणार?

उत्तर : तीस किलोचा जॉब हाताने चढवणं हे मुलाचंही काम नाही गं! अमेरिकेत नायॉश नावाची कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था आहे, तिने 1991 मध्ये वजन उचलण्याचं सुधारित सूत्र काढलं, त्यात सगळं अगदी आदर्श असेल, म्हणजे वजन अंगालगत, कंबरेला पीळ नाही, पकड चांगली, तरी शिफारस 23 किलोपर्यंतचीच आहे, आणि त्यात बाईला एक आकडा पुरुषाला दुसरा असंही नाही. वजन अंगापासून लांब धरलं, जमिनीवरून उचललं किंवा वारंवार उचललं की तो आकडा भराभर खाली येतो. आता मशीनच्या दारातून वाकून आत हात घालून चकमध्ये जॉब बसवणं म्हणजे यातलं जवळजवळ सगळंच उलटं. त्यामुळे तीस किलोला हॉइस्ट, म्हणजे वजन उचलायचं यंत्र, हवा, नाहीतर चेन पुली तरी, बास. तुमच्या सेटरना विचार, कंबर कशी आहे म्हणून. मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्यातले दोघं पन्नाशीच्या आत पट्टा बांधून फिरत होते आणि तरी "ताकदीचं काम" म्हणून मिशीला पीळ द्यायचे.

सेटिंग म्हणजे ड्रॉइंग वाचणं, झीरो (माप जिथून सुरू होतं ती जागा) पकडणं, इन्सर्ट (कापणारं पातं) कुठला लावायचा, कंप आला तर फीड (टूल पुढे सरकायचा वेग) कमी करायचा का पकड बदलायची हे ओळखणं, यात ताकद कुठेय? लेखी अर्ज दे की मला सेटिंगचं ट्रेनिंग हवंय आणि जड जॉबसाठी हॉइस्टची सोय हवीय. दोन वेगळे कागद दे बरं का, एकच दिलास तर हॉइस्ट येईपर्यंत ट्रेनिंगही अडकवून ठेवतील.

प्रश्न : ताई, डिप्लोमा झालाय मेकॅनिकलचा. दोन ऑफर आहेत, एक प्रॉडक्शन ट्रेनी म्हणून शॉप फ्लोअरवर आणि एक क्वालिटीत डॉक्युमेंटेशनला. घरचे म्हणतात एसीत बस, हलकं काम आहे. मला कळत नाहीये.

उत्तर : वरचं वाचून तुला वाटेल मी लगेच शॉप फ्लोअर म्हणणार. म्हणणारच आहे, पण सरसकट नाही. इन्स्पेक्शन किंवा क्वालिटी वाईट नसते, त्या खोलीला पुढे दार आहे का ते बघायचं. जनरल मोटर्सची सीईओ मेरी बारा, 1980 मध्ये अठराव्या वर्षी पाँटियाकच्या कारखान्यात फेंडर आणि बॉनेटचे पत्रे तपासायला लागली होती, पुढे ती प्लांट मॅनेजर झाली आणि जानेवारी 2014 मध्ये अख्ख्या कंपनीची प्रमुख. तपासणी करूनच सुरुवात झाली की नाही! फरक इतकाच की तिच्या हातात पत्रा होता, फाइल नव्हती.

म्हणून दोन्हीकडे मुलाखतीत उलट प्रश्न विचार. मला शिकवणार कोण, वर्षभराने मी कुठे असेन, त्या शिफ्टला आणखी कोणी बाई आहे का मी एकटीच. आणि दोन वर्षांपूर्वी लागलेली एखादी मुलगी आत्ता कुठल्या कामावर आहे तिला भेटवा म्हण. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा, समोरचा माणूस टेबलाकडे बघायला लागला तर काय ते समज. प्लांट दाखवतात तेव्हा चेंजिंग रूम स्वतः उघडून बघ, कधीकधी आत जुनी खोकी रचलेली असतात.

घरच्यांना काय सांगायचं? की पहिली दोन-तीन वर्षं मशीनवर काढली की नंतर ऑफिसात कधीही जाता येतं, उलट मात्र फार अवघड होतं. हे मी अनुभवाने सांगतेय, तिसाव्या वर्षी कोणी तुम्हाला नव्याने ऑफसेट शिकवत बसत नाही.

प्रश्न : बाळंतपणानंतर परत आले तर न विचारता मला लाइनवरून काढून स्टोअरला टाकलंय. म्हणतात तुला नाईट जमणार नाही. नाईटचा अलाउन्सही गेला. भांडू का?

उत्तर : "न विचारता" हा तुझ्या पत्रातला खरा शब्द आहे. नाईट जमते की नाही हे तू सांगायचंस.

याचा इतिहास मोठा विचित्र आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना 1919 मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी तिने कारखान्यात बायकांना रात्री कामाला लावू नये असा करार केला. तेव्हा हेतू चांगलाच होता, पण त्याने बायकांसाठी अर्धी दारंही बंद झाली. मग 1990 मध्ये नवा करार आला, रात्रपाळीच्या कामगारांना संरक्षण द्या, बाई असो की पुरुष, आरोग्य तपासणीची सोय ठेवा, आणि बाळंतपणाच्या आधी-नंतर मिळून किमान सोळा आठवडे बाईला नाईटऐवजी दुसरा पर्याय द्या. म्हणजे पर्याय द्यायचा, तिला उचलून कायमचं स्टोअरला टाकायचं नाही. तुझ्या देशात नेमका कायदा काय आहे ते युनियनकडून नाहीतर लेबर ऑफिसमधून बघून घे, जागोजागी वेगळं असतं.

भांडायच्या आधी एक कर, तारखा टाकून लिहून दे की मला अमुक महिन्यापासून लाइनवर यायचंय, तोपर्यंत तात्पुरती डे शिफ्ट चालेल, माझी ग्रेड तीच राहील ना ते लेखी कळवा. "तात्पुरती" आणि "ग्रेड" हे दोन शब्द राहिलेच पाहिजेत. आणि आठवड्यातून अर्धा तास तरी आपल्या जुन्या मशीनपाशी जाऊन ये, प्रोग्राम बदललेत का बघ, हात विसरत नाही पण लोक विसरतात.

प्रश्न : आमच्या शिफ्टच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घाण जोक येतात. मी एकटीच बाई आहे. ग्रुप सोडला तर शिफ्टचे बदल कळत नाहीत.

उत्तर : सोडू नकोस, स्क्रीनशॉट काढ, तारखेसकट. 2019 च्या आंतरराष्ट्रीय करारात (क्रमांक 190, जून 2021 पासून लागू) कामाच्या ठिकाणचा छळ म्हणजे फक्त मशीनपाशी झालेला असं नाहीये, कामासंबंधीचे मेसेज, कपडे बदलायची जागा, कामावर येणं-जाणं हे सगळं त्यात धरलंय. ज्या देशांनी तो मान्य केलाय त्यांना तो बांधील आहे, पण न केलेल्या ठिकाणीही तक्रारीत हा मुद्दा मांडता येतो. तक्रार कमिटीकडे लेखीच दे. आणि मागणी साधी ठेव, शिफ्टच्या सूचनांसाठी वेगळा ग्रुप जिथे फक्त सुपरवायझर मेसेज टाकेल. "एवढं काय मनावर घेतेस" असं म्हणणारा भेटेलच, त्याला म्हणायचं की हाच जोक बोर्डावर लिही, साहेबांचा राउंड होईपर्यंत पुसू नको.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. घरातलं सगळं उघडून बसते, परवा सायकलचं मागचं चाक काढलं, आता बसवता येत नाहीये. तिला या क्षेत्रात पाठवावं का? बाप म्हणून काळजी वाटते.

उत्तर : पाठवायचं काय, ती निघालीच आहे. चांगल्या पान्यांचा सेट घेऊन द्या, तिच्या हातात मावेल असा, आणि बारीक मापं घ्यायला एक व्हर्नियर. ओळखीत कोणाचा वर्कशॉप असेल तर एक दिवस घेऊन जा, तिथे तुम्ही बोलू नका, तिला विचारू द्या. आणि सायकलचं म्हणाल तर रात्री ती झोपल्यावर गुपचूप चाक बसवून ठेवू नका. चार दिवस चालत जाईल शाळेत.